वीस मिनिटांचं गाणं प्लेलिस्टमध्ये बसवायचं कसं?

वाचकांचे प्रश्न : प्रोग्रेसिव्ह रॉक

प्रोग्रेसिव्ह रॉकला ऐकणारे नुसतं ‘प्रोग’ म्हणतात. १९६९-७० च्या सुमारास इंग्लंडातल्या काही मंडळींनी रॉकचं गाणं तीन मिनिटांच्या चौकटीतून बाहेर काढलं. लांब रचना, विषम मात्रा, मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) आणि ऑर्गन, कधी अख्ख्या अल्बमभर चालणारी एकच कथा, असा सगळा मामला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागांतून आलेल्या पत्रांत अडचण संगीताची कमी आणि यादीची जास्त दिसते. मित्रानं लिंक पाठवलेली असते, पण ऐकायचं कसं, पुढं कुणाला द्यायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नसतं. निवडक पत्रांना इथं उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पिंक फ्लॉइड पाठ आहे, त्यापुढं काही नाही. पुण्याच्या भावानं ३४० गाण्यांची प्लेलिस्ट पाठवली. शफलवर लावली आणि दोन दिवसांत कंटाळलो. सुरुवात कुठून करायची, सांगा की. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : ती यादी म्हणजे तुमच्या भावाचं कपाट आहे. त्यातलं काय कुठं ठेवलंय ते त्याला माहीत, तुम्हाला नाही. शिवाय शफलनं प्रोगचं नुकसान इतर कुठल्याही संगीतापेक्षा जास्त होतं. पिंक फ्लॉइडच्याच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध तीन दिवसांनी कानावर पडला तर दोन्ही फुकट.

ती यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आठच गाण्यांची स्वतःची यादी करा. पहिलं येसचं ‘राउंडअबाउट’ (१९७१, साडेआठ मिनिटं). उलट्या वाजवलेल्या पियानोच्या सुरातून गिटार निघते आणि लगेच बास पुढं येतो. लांब असूनही धावतं गाणं आहे, म्हणून पहिलं. दुसरं जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९), जेमतेम साडेतीन मिनिटांचं, बासरीवर चालणारं. तिसरं जेनेसिसचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (१९७३, साडेनऊ मिनिटं). यात बासरीवर आलेली चाल पुढं स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर परत येते, ती ओळखता आली की गाणं तुमचं झालं. चौथं इटलीच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचं ‘इम्प्रेसिओनी दी सेत्तेंब्रे’ (१९७२). भाषा कळत नाही म्हणून टाळू नका. धृपदाच्या जागी इथं शब्द नाहीतच, मूग सिंथेसायझर गातो.

आता कान तयार झाले, तेव्हा पाचवं किंग क्रिमसनचं ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ (१९६९). बहुतेक रसिक आपल्या यादीत हेच पहिलं टाकतात, कारण इतिहासात ते पहिल्या रांगेत बसतं. पण आवाज मुद्दाम फाटका केलेला, सॅक्सोफोन अंगावर येणारा. नवख्याला इथूनच सुरुवात करून दिली तर तो दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबत नाही. त्यानंतर विसावा म्हणून पॉर्क्युपाइन ट्रीचं ‘ट्रेन्स’ (२००२), मग कॅमलचं ‘लेडी फँटसी’ (१९७४, पावणेतेरा मिनिटांच्या आसपास) आणि शेवटी रशचं ‘झॅनाडू’ (१९७७, अकरा मिनिटं). एकूण साधारण पासष्ट मिनिटं.

आठवडाभरात ही यादी क्रमानं तीनदा ऐका. जे गाणं धरून ठेवतं त्याचा अख्खा अल्बम ऐका, मगच यादीतून ते काढून त्याच जागी नवं टाका. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ आवडलं तर ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ पूर्ण. यादी आठाच्या वर जाऊ देऊ नका. भावाच्या कपाटातून पुढची गाणी याच हिशेबानं, एकेक करून घ्यायची. मोफत खात्यावर काही वेळा शफल बंदच होत नाही आणि हे नियम सारखे बदलतात, तेव्हा आपल्या ॲपमध्ये ते चिन्ह विझतं का, एवढं आधी तपासा. विझत नसेल तर अल्बम यूट्यूबवर सलग लावणं बरं.

प्रश्न : पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ ऐकताना दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटतो. मित्राच्या फोनवर उलटंच, एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्यावर चढतं. फोन खराब म्हणावा काय? (निपाणी)

उत्तर : फोन ठीक आहेत, सेटिंग चुकलंय. दोघांचा रोग वेगळा आहे.

मित्राच्या ॲपमध्ये क्रॉसफेड चालू आहे. स्पॉटिफायमध्ये प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये ही पट्टी ० ते १२ सेकंदांची असते. लग्नाच्या पार्टीला ती चांगली, इथं ती शून्यावर आणा. तिथंच ‘ऑटोमिक्स’ दिसलं तर तेही बंद करा आणि ‘गॅपलेस’ (दोन गाण्यांत पोकळी न ठेवणं) चालू ठेवा. ‘ब्रेन डॅमेज’मधून ‘एक्लिप्स’मध्ये संगीत थेट ओतलं जातं. तिथं पाच सेकंदांचा क्रॉसफेड असेल तर एकाची शेवटची मात्रा दुसऱ्याच्या पहिल्या मात्रेवर आदळते आणि ठेका घसरतो.

तुमची तूट बहुधा एमपीथ्री फायलींमुळे आहे. एमपीथ्री आवाज ठराविक चौकटींत साठवतं. एका चौकटीत ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या दर्जाला सुमारे २६ मिलिसेकंद. गाणं नेमकं चौकटीच्या काठावर संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेनं भरली जाते आणि सुरुवातीलाही थोडी पोकळी राहते. चांगला एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) ही पोकळी किती आहे याची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि चांगला प्लेअर ती वाचून कापतो. दोघांपैकी एक कच्चा असला की ‘टप्’ ऐकू येतं. उपाय तीन. गॅपलेस चालणारा प्लेअर वापरा, संगणकावर फूबार २००० यात पक्का आहे. किंवा सीडीवरून फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारा प्रकार) फायली करा, त्यात ही भानगडच नाही. किंवा पूर्ण अल्बमची एकच लांब फाइल करा.

या अल्बममध्ये एकच थांबा मुळातला आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ संपतं आणि ‘मनी’ सुरू होतं, तिथं १९७३ च्या तबकडीची बाजू बदलायची. तेवढी तूट ऐकू आली तर फोनला दोष देऊ नका.

जाता जाता आवाज समान करणाऱ्या सेटिंगबद्दल. वेगवेगळ्या काळातली गाणी मिसळलेल्या यादीत ते चालू असावं, नाहीतर १९७१ चं गाणं हळू आणि २००७ चं कानठळ्या बसवणारं येतं. सलग अल्बम ऐकताना मात्र बंद ठेवलेलं आम्हाला बरं वाटतं.

प्रश्न : मी तबला वाजवतो. मित्र म्हणतो, प्रोग ऐकायचं तर मात्रा मोजता आल्या पाहिजेत. खरं काय? कुठली गाणी मोजून बघावीत? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : मोजता आलं नाही तरी ऐकता येतं. पण तुमच्या हाताशी ठेका तयार आहे, तर मजा सोडू नका.

‘मनी’ सात मात्रांचं आहे. नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजाच्या आवर्तनापासून मोजायला लागा. सात म्हटल्यावर तुम्ही रूपक धराल, पण रूपकाच्या पहिल्या मात्रेवर खाली असते आणि इथं पहिल्या मात्रेवर बास जोरात येतो, त्यामुळे तीन-दोन-दोन असा ठेका लावून बसवायला जाल तर वजन चुकेल. सरळ एक ते सात मोजा. सॅक्सोफोननंतर गिटारचा सोलो येतो तेव्हा गाणं चार मात्रांत शिरतं आणि पुढं परत सातात येतं. ते वळण पकडणं हाच खरा सराव. पीटर गेब्रियलचं ‘सॉल्झबरी हिल’ (१९७७) हेही सातातच, पण इतकं सहज की बहुतेकांना ते विषम आहे हे कळतच नाही. वर सांगितलेलं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाच मात्रांचं. इमर्सन, लेक अँड पामरच्या ‘टार्कस’ची (१९७१) सुरुवातही पाचाची, पण वेग असा की पहिल्यांदा मोजताना दम लागतो.

टूल या बँडच्या ‘लॅटरॅलस’मध्ये (२००१) धृपदाची आवर्तनं नऊ, आठ, सात अशी उतरत जातात.

सगळ्यात गमतीचं रशचं ‘वायवायझी’ (१९८१). ही टोरांटो विमानतळाची तीन अक्षरी खूण आहे आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे त्या अक्षरांचा मोर्स संकेत. मोर्समध्ये ‘वाय’ म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब आणि ‘झेड’ म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबाला दोन आणि आखूडाला एक घर दिलं तर पहिला ‘वाय’ सात घरांचा, दुसराही सात, ‘झेड’ सहा. एकूण वीस. मात्रेला चार घरं धरली की बरोबर पाच मात्रा. तबल्यावर चौपटीत पाच मात्रांचं आवर्तन धरा आणि त्यात सात-सात-सहा असे गट पाडा, सम आपोआप गाठेल. नुसतं ऐकून हे जमायला वेळ लागतो, आधी बोल कागदावर लिहून घ्या.

ही सहा गाणी ‘विषम मात्रा’ नावाच्या एका वेगळ्या यादीत ठेवली तर शिकवायलाही उपयोग होतो. वर्णनाच्या जागी प्रत्येकाच्या मात्रा लिहा.

प्रश्न : बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणं-येणं असतं. जांबोटीच्या पुढं रेंज जाते आणि गाणं अर्ध्यात अडकतं. गाडीत पेन ड्राइव्ह लावला तर गाणी भलत्याच क्रमानं वाजतात. (खानापूर तालुका)

उत्तर : स्ट्रीमिंग ॲपमध्ये यादी घरीच, वायफायवर उतरवून घ्या. पैसे भरलेल्या खात्यावर ही सोय असते. जागेचा हिशेब सोपा आहे : ९६ केबीपीएसला तासाला सुमारे ४३ एमबी, १६० ला ७२ आणि ३२० ला १४४. वरच्या पासष्ट मिनिटांच्या यादीला ३२० नं दीडशे एमबीच्या जरा वर लागतील. गाडीच्या आवाजात १६० आणि ३२० मधला फरक कळणं कठीण, त्यामुळे फोनमध्ये जागा कमी असेल तर १६० पुरे. उतरवण्याचा दर्जा आणि ऐकण्याचा दर्जा ही दोन वेगळी सेटिंगं आहेत, दुसरंच बदलून पहिलं विसरतात. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटला जोडलेला लागतो, नाहीतर उतरवलेली गाणी बंद पडतात. निघण्याआधी विमान मोड लावून एक गाणं वाजवून बघितलं की खात्री पटते.

पेन ड्राइव्हचं दुखणं वेगळं. बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओंना फॅट३२ पद्धतीनंच फॉर्मॅट केलेला ड्राइव्ह कळतो. काही स्टिरिओ फायली नावाच्या क्रमानं वाजवतात, काही ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं. म्हणून दोन्ही पाळा. नावांपुढं ०१, ०२ असे दोन अंकी आकडे टाका, पण इंग्रजी अंकांत, कारण देवनागरी नावं अनेक स्टिरिओंवर चौकोन दाखवतात. नुसतं १, २ लिहिलंत तर १० नंबरचं गाणं २ च्या आधी येतं. मग रिकाम्या फोल्डरमध्ये एकेक फाइल क्रमानं कॉपी करा. सगळ्या एकदम निवडून ओढल्या की क्रमाचा भरवसा नाही.

फोनवर स्वतःच्या फायली व्हीएलसीमध्ये वाजवत असाल तर एमथ्रीयू यादी करा. ती साधी मजकुराची फाइल असते : नोटपॅडमध्ये एका ओळीवर एक फाइलनाव, आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडून शेवटी एमथ्रीयू८ हे विस्तारनाम. फक्त फाइलचं नाव लिहा, पुढं संगणकाच्या ड्राइव्हचा पत्ता नको. तो पत्ता फोनवर अस्तित्वातच नसतो, म्हणून यादी उघडते आणि एकही गाणं वाजत नाही. यादी आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये असू द्या.

प्रश्न : निपाणी, कोल्हापूर आणि बेंगळुरू मिळून आम्ही सात मित्र एकत्र यादी करतोय. कुणी स्पॉटिफायवर, कुणी यूट्यूब म्युझिकवर. एकानं चुकून अर्धी गाणी उडवली, तीच गाणी दोनदा येतायत, आणि दुसऱ्या ॲपवर नेली की गाणी बदलतात. (चिकोडी)

उत्तर : सामूहिक यादीत कुणीही काढू शकतो, हे गृहीत धरूनच चाला. एकाकडे मालकी द्या आणि त्यानं महिन्यातून एकदा यादीतला मजकूर साध्या कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवून ठेवावा : बँड, गाणं, अल्बम, वर्ष, लांबी. हे कंटाळवाणं काम टाळू नका. यूट्यूबवरचा व्हिडिओ मालकानं काढला की यादीत त्याचं नावही उरत नाही, ‘काढलेला व्हिडिओ’ एवढीच ओळ राहते, आणि कुठलं गाणं होतं ते कुणाला आठवत नाही. स्पॉटिफायवर अख्खी यादीच उडवली असेल तर ब्राउझरमधून खात्याच्या पानावर ती ९० दिवसांपर्यंत परत आणता येते. पण यादीतून एकेक करून काढलेली गाणी तशी परत येत नाहीत.

नियम थोडेच करा, पण पाळा. एका फेरीला एका माणसाची तीनच गाणी आणि एका बँडचं एकच. सात जणांची २१ गाणी होतात. प्रोगच्या हिशेबानं ती अडीच-तीन तासांवर जातात, हे आधीच ठरवून घ्या. पुढच्या फेरीची नवी यादी. जुन्यात भर घालत राहिलात तर पहिल्या प्रश्नातल्या भावासारखी ३४० ची यादी होईल. आपण टाकलेलं गाणं का टाकलं हे एका ओळीत सांगायचं, ‘भारी आहे’ चालणार नाही. ‘सहाव्या मिनिटाला ऑर्गन ऐक’ हे चालेल. यादीच्या वर्णनात ३०० अक्षरंच मावतात, म्हणून या ओळी व्हॉट्सॲपवर यादीच्या क्रमानंच लिहा.

दुसऱ्या ॲपवर नेताना गाणी का बदलतात? साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिकसारखी साधनं नावावरून किंवा आयएसआरसी या बारा अक्षरी ध्वनिमुद्रण-क्रमांकावरून जुळवतात. नावावरून जुळवलं की मैफलीतलं मुद्रण, नंतर सुधारलेलं मुद्रण, कुणी दुसऱ्यानंच केलेली नक्कल, काहीही येऊ शकतं. प्रोगमध्ये याचा फटका मोठा. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची सुरुवात जेनेसिसच्या टोनी बँक्सच्या पियानोनं होते, पण १९७७ च्या ‘सेकंड्स आउट’ या मैफलीच्या अल्बमवर तो पियानो नाही. मित्राला तेच गेलं तर तो म्हणणार, कुठला पियानो? ‘राउंडअबाउट’ची रेडिओसाठी कापलेली साडेतीन मिनिटांची आवृत्ती आहे. ‘स्किझॉइड मॅन’च्या अधिकृत नावात ‘मिरर्स’चं शेपूट असतं, त्यामुळे काही साधनांना ते सापडतच नाही.

यासाठीच कागदावर लांबी लिहायला सांगितली. नेऊन झाल्यावर दोन्हींकडच्या लांब्या शेजारी ठेवून बघा. पाच-सात सेकंदांचा फरक चालतो. अर्ध्या मिनिटाच्या वर गेला तर आवृत्ती वेगळी समजायची आणि हातानं शोधून बदलायची. पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सननं किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांचे जुने अल्बम नव्यानं मिक्स केले आहेत. ते वेगळे ऐकू येतात आणि बरेचसे छान आहेत, पण सगळ्यांच्या यादीत एकच आवृत्ती असली तरच गप्पांना अर्थ.

प्रश्न : ॲप सारखे तेच चार बँड सुचवतं. त्यापलीकडं जायचं कसं? भारतात कुणी असं करतं का? (अथणी)

उत्तर : ॲप तुम्ही जे ऐकता तेच परत वाढतं. मित्रांसाठी किंवा पोरांसाठी ज्या याद्या लावता त्या स्पॉटिफायमध्ये ‘टेस्ट प्रोफाइल’मधून वगळा. यादीच्या तीन टिंबांत तो पर्याय असतो.

आणि मग माणसांचा माग काढा. प्रोगमध्ये वादक सतत बँड बदलत राहिले, त्यामुळे एका वादकावर यादी केली की तीन-चार दारं उघडतात. ड्रमर बिल ब्रुफर्ड येसच्या ‘क्लोज टू द एज’वर (१९७२) आहे, लगेच पुढं किंग क्रिमसनच्या १९७३-७४ च्या अल्बमवर, आणि मग ‘यूके’ नावाच्या बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवर. तिन्ही ओळीनं ऐका, त्याच्या स्नेअर ड्रमचा आवाज ओळखू येतो. बासवादक-गायक रिचर्ड सिंक्लेअर कॅरव्हॅनमधून हॅटफिल्ड अँड द नॉर्थमध्ये आणि तिथून कॅमलमध्ये गेला. कॅरव्हॅनचं ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ (१९७१) हे बावीस मिनिटांवरचं गाणं इंग्लंडातल्या कँटरबरी घराण्याचं उत्तम दार आहे. घराणं हा शब्द इथं आम्ही मुद्दाम वापरतोय : गाव एक, माणसं तीच, वळणं ओळखू येणारी.

देशानुसारही जाता येतं. इटलीत १९७२-७३ ही दोन वर्षं घ्या : बँको देल मुतुओ सॉकोर्सोचा ‘दार्विन!’ आणि ले ओर्मेचा ‘फेलोना ए सोरोना’. फ्रान्सच्या माग्मानं तर गायला स्वतःची भाषाच बनवली. ती सगळ्यांना पचत नाही, त्यामुळे यादीत एकच गाणं, तेही शेवटी. प्रोगआर्काइव्ह्ज या संकेतस्थळावर उपप्रकारांनुसार वर्गवारी आहे. त्यात ‘इंडो-प्रोग व राग रॉक’ असाही कप्पा सापडेल. तिथले गुण बघून यादी करू नका, वर्ग आणि वर्ष बघून करा. वरचे पन्नास अल्बम सगळीकडे तेच असतात. नव्या बँडसाठी बँडकॅम्प बरा, विकत घेण्याआधी बहुतेक अल्बम ऐकता येतात आणि पैसे बँडपर्यंत जास्त पोचतात.

भारतात बेंगळुरूचा अगम कर्नाटक संगीत आणि प्रोग एकत्र आणतो. रात्रीच्या गाडीनं बेळगावहून सकाळी जिथं उतरता तिथलाच हा बँड, तरी आपल्याकडच्या याद्यांत क्वचित दिसतो. कोचीच्या मदरजेनचा ‘मक्तूब’ (२००८) ऐका, गिटारवर दक्षिणेची गमकं आहेत. मुंबईच्या कोशिशचा ‘फिरदौस’ (२०१३) हिंदीत आहे, आणि प्लेलिस्ट करणाऱ्यांनी तर तो चुकवूच नये : गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून दिला होता, कथेचा खरा क्रम ऐकणाऱ्यानं खुणांवरून लावायचा. यादी करणं हाच तिथं ऐकण्याचा भाग.

प्रश्न : घरी आठ-दहा जण जमून प्रोग ऐकायचं ठरवलंय. निम्मे कन्नड, निम्मे मराठी, त्यांतले तिघं फक्त शास्त्रीय ऐकणारे. यादी कशी लावावी? (खडेबाजार, बेळगाव)

उत्तर : शास्त्रीय ऐकणारे तिघं तुमची जमेची बाजू. विलंबित ख्याल अर्धा तास ऐकायची सवय धारवाड-बेळगाव पट्ट्यात अनेकांना आहे, त्यांना वीस मिनिटांचं गाणं लांब वाटत नाही. त्यांना अडतो तो सुरुवातीचाच गोंगाट. म्हणून ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’च्या पहिल्या भागानं सुरुवात करा. गायकाचा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ जातो, तोवर एकेक सूर ठेवत गिटार पुढं सरकते. आलाप ऐकणाऱ्याला तिथं काही समजावून सांगावं लागत नाही.

एकूण ऐंशी मिनिटांवर जाऊ नका. चाळीस, मग चहा, मग चाळीस. लांब रचना प्रत्येक भागात एकच ठेवा. या रचना १८ ते २३ मिनिटांच्या का असतात याचं कारण तबकडी आहे : एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा बारीक होतात आणि आवाज व बास दबतो. ‘टार्कस’, रशचं ‘ट्वेंटी-वन ट्वेल्व्ह’, जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ सगळी त्याच मापात. जेथ्रो टलनं ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) एकच गाणं म्हणून केलं, तर ते दोन बाजूंत तोडावं लागलं. पहिल्या भागाला ‘क्लोज टू द एज’ (पावणेएकोणीस मिनिटं) आणि दुसऱ्याला ‘सपर्स रेडी’ (१९७२, तेवीस मिनिटं) ठेवलं तर बाकी जागा पाच-सात मिनिटांच्या गाण्यांनी भरा. दोन लांब रचना लागोपाठ मात्र नकोत, दुसरीच्या मध्यावर लोक फोन काढतात.

आवाज आधीच ठरवा. ‘क्लोज टू द एज’ पाखरांच्या आणि पाण्याच्या हळू आवाजानं उघडतं. ते ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी बटण फिरवतं आणि मिनिटभरात बँड फुटतो तेव्हा शेजारी दार वाजवतात. बँड पूर्ण जोरात असताना पातळी लावा, सुरुवात हळू वाटली तरी चालेल. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर डाव्या-उजव्या बाजूचा खेळ जातो, ‘ऑन द रन’सारखं गाणं तिथं फिकंच पडतं. दोन साधे स्पीकर वायरनं जोडलेले केव्हाही बरे, दोघांत दीड-दोन मीटर अंतर आणि उंची बसलेल्यांच्या कानाइतकी. फोन ‘व्यत्यय नको’वर. सपर्स रेडीच्या विसाव्या मिनिटाला बँकेचा मेसेज वाजला की सगळं गेलं.

प्रश्न : मित्राला यादी देताना गाण्यांच्या फायलीच पाठवल्या तर चालतं का? (टिळकवाडी)

उत्तर : यादीची लिंक, गाण्यांची नावं, एमथ्रीयू फाइल, हे पाठवायला हरकत नाही, त्यात संगीत नसतंच. प्रत्यक्ष फायली वाटणं हा प्रताधिकाराचा भंग आहे. काही बँड बँडकॅम्पवर ‘हवं ते द्या’ तत्त्वावर अल्बम ठेवतात, तिथली लिंक द्या.

प्रश्न : जुन्या यादीतली काही गाणी राखाडी झाली, वाजत नाहीत. (कारवार)

उत्तर : हक्क एका कंपनीकडून दुसरीकडं गेले किंवा नवी सुधारित आवृत्ती आली की जुनी नोंद मरते, पण गाणं बहुतेक वेळा नव्या नोंदीखाली तिथंच असतं. अल्बमच्या नावानं शोधा, गाण्याच्या नावानं नको, कारण गाण्याच्या नावानं मैफलीच्या आवृत्त्याच आधी येतात. काही अल्बम आपल्या देशात उपलब्धच नसतात, तिथं सीडी किंवा बँडकॅम्प. ॲपमध्ये न वाजणारी गाणी दाखवण्याचं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर ती गुपचूप दिसेनाशी होतात आणि यादीत भोक पडल्याचं कळतच नाही. बदली गाणं टाकल्यावर ते ओढून जुन्या जागेवर न्या, ॲप नवीन गाणं नेहमी शेवटाला टाकतं.